खाल्ल्या मिठाला जागलेले गाव

(ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दरूप)



शतकमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत प्रवासावर बोलावे, अशी आज्ञा कार्यवाहांनी मला केली, तेव्हा मी थोडा संकोचलो. प्रवासवर्णनाचे कपाट हे आपल्या ग्रंथालयातले सर्वांत हाताळले गेलेले कपाट आहे. तिथल्या पुस्तकांची बांधणी दर काही वर्षांनी नव्याने करावी लागते, हे आपण सारे जाणता. त्या वाचकांपुढे उभे राहून 'तळे फार निळे होते आणि डोंगर फार उंच होते' एवढेच सांगायचे, तर आपण माझ्यापेक्षा अधिक चांगली वर्णने याच वास्तूत बसून वाचलेली आहेत. म्हणून मी एका अगदी लहान गावाविषयी बोलायचे ठरवले. गाव सुंदर आहे, पण त्याच्या सौंदर्यापेक्षा त्याने जपून ठेवलेल्या गोष्टींनी मला अधिक काळ विचार करायला लावले. त्या गावाचे नाव हालस्टाट.

ऑस्ट्रिया देशाच्या उत्तर भागात साल्झकामरगुट नावाचा डोंगराळ मुलूख आहे. 'साल्झ' म्हणजे मीठ. राजाच्या खजिन्याची मिठाची मालमत्ता, असा त्या नावाचा अर्थ. डाखस्टाइन नावाच्या चुनखडीच्या प्रचंड पर्वतसमूहाच्या पायथ्याशी तिथे एक सरोवर पहुडले आहे. या पर्वताचे सर्वोच्च शिखर २,९९५ मीटरचे. सरोवर सुमारे सहा किलोमीटर लांब, दोन-सव्वादोन किलोमीटर रुंद, आणि सर्वांत खोल जागी १२५ मीटर. ट्राउन नावाची नदी एका टोकाने त्यात शिरते आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडते. सरोवराच्या पश्चिम काठावर डोंगर जवळजवळ थेट पाण्यात उतरतो. जिथे तो किंचित मागे सरकला आहे, तेवढ्या चिंचोळ्या पट्टीवर हे गाव वसले आहे. किंबहुना चिकटले आहे.

आम्ही काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या आरंभी तिथे गेलो. आगगाडीचे स्थानक गावात नाही, सरोवराच्या समोरच्या म्हणजे पूर्व काठावर आहे. १८७७ साली हा लोहमार्ग झाला तेव्हा रुळांना जागा मिळाली ती पलीकडे. गाडीतून उतरायचे, चार पावले उतरून धक्क्यावर जायचे, आणि लहानशा बोटीने दहा-एक मिनिटांत पलीकडे पोहोचायचे, हा क्रम अजून तसाच आहे. आपल्याकडे ज्यांनी फेरीबोटीने मांडवी किंवा झुआरी ओलांडली आहे, त्यांना या प्रवासाचे नवल वाटणार नाही. पण फेरी सुटताना आपल्याला पैलतीर आधीच ठाऊक असतो. इथे मात्र सकाळच्या धुक्यातून आधी एका चर्चचा टोकदार मनोरा वर आला, मग त्याच्या मागची लाकडी सज्जांची घरे एकावर एक ठेवल्यासारखी दिसू लागली, आणि सर्वांत शेवटी त्यांच्या पाठीशी उभा असलेला काळसर डोंगर. हे चित्र जगभर दिनदर्शिकांवर छापलेले असते. तरीही प्रत्यक्ष पाहताना बोटीतली सारी माणसे क्षणभर बोलायची थांबली, हे मी नमूद केले पाहिजे.

गावात उतरल्यावर पहिला प्रश्न पडतो तो असा की, इथे माणसाने वस्ती केलीच का? शेतीला जमीन नाही. घरांना अंगण नाही, म्हणून फळझाडेसुद्धा भिंतीला टेकवून, फांद्या पसरवून वाढवलेली आहेत. हिवाळ्यात सूर्य डोंगराआड लवकर दडतो. सुमारे १८९० पर्यंत गावाला गाडीरस्ता नव्हता. कडा सुरुंगाने फोडून तो काठाकाठाने आणला गेला. त्याआधी बाहेरच्या जगाशी संबंध यायचा तो नावेने किंवा अरुंद पायवाटेने. गावातल्या गावातही एका घरून दुसऱ्या घरी जायचे तर नाव काढायची, नाहीतर वरच्या अंगाने, घरांच्या माळ्यांमधून जाणारी एक अरुंद वाट होती, तिने जायचे. इतक्या अडचणीच्या जागी पिढ्यान्‌पिढ्या माणसे राहिली, कारण डोंगरात मीठ होते.

मीठ म्हटले की आपल्याला समुद्र आठवतो. पेडण्याचा आगरवाडा, रायबंदर, नेरूळ, बाटी ही नावे आठवतात. भरतीचे पाणी आगरात घ्यायचे, उन्हात आटवायचे, आणि पावसाळ्यापूर्वी पुरुमेंताच्या बेगमीत मिठाची रास घरात घ्यायची, ही आपली रीत. पर्वताच्या पोटात मीठ कुठून आले? उत्तर साधे आणि विलक्षण आहे. तेही समुद्राचेच मीठ आहे. सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वी त्या जागी उथळ सागर होता. तो आटला, मिठाचे थर उरले, त्यांवर इतर थर साचले, आणि पुढे आल्प्स पर्वत उचलला गेला तेव्हा ते मीठ मातीशी कालवले जाऊन डोंगराच्या पोटात अडकले. आपल्या आगरात सूर्य जे काम काही आठवड्यांत करतो, तेच तिथे कोट्यवधी वर्षांपूर्वी होऊन गेले आहे.

गावाच्या वर सुमारे साडेतीनशे मीटर उंचीवर एक उंच, अरुंद खोरे आहे. मिठाची खाण तिथे. आम्ही वळणावळणाच्या पायवाटेने चढलो. तासाभराची चढण आहे, आणि दर वळणावर सरोवर थोडे अधिक लहान आणि थोडे अधिक गडद होत जाते. वाटेच्या शेवटी एक जुना बुरूज आहे. १२८४ साली हाब्सबुर्ग घराण्याच्या आल्ब्रेख्त राजपुत्राने तो मिठाच्या रक्षणासाठी बांधला आणि वडिलांच्या, म्हणजे रुडॉल्फच्या, नावाने ओळखला जाऊ लागला. मिठासाठी किल्ला बांधावा लागतो, यावरून त्या पदार्थाची किंमत कळते. या गोष्टीचे आपल्याला नवल वाटू नये. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारान्वये गोव्याच्या मिठागरांचा ताबा इंग्रजांच्या हाती गेला होता आणि १८९२ पर्यंत तो अंमल चालला. आपल्या सीमेला लागून असलेल्या शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० साली सत्याग्रह झाला, आणि त्या वेळी वि. स. खांडेकर त्याच गावात शिक्षक होते. चिमूटभर मिठामागे राज्यसत्ता कशी उभी असते, हे आपण आपल्या दाराशी पाहिलेले आहे.

त्या खोऱ्यात मीठ काढण्याचे काम किती जुने आहे? तिथे सापडलेले सांबरशिंगाचे एक हत्यार सुमारे सात हजार वर्षांपूर्वीचे मानले जाते. ब्राँझयुगात तर खोल बोगदे खणून पद्धतशीर खाणकाम चालू होते. तिथे सापडलेला एक लाकडी जिना लाकडाच्या वर्षवलयांवरून इसवी सनापूर्वी १३४४ च्या सुमारासचा ठरला आहे. युरोपात सापडलेला हा सर्वांत जुना लाकडी जिना. म्हणजे तिथल्या कामगारांनी त्या पायऱ्या चढण्या-उतरण्यासाठी बसवल्या, त्याला आज तेहेतीसशेहून अधिक वर्षे झाली.

लाकूड इतकी वर्षे टिकते कसे? मिठामुळे. आपल्या घरात आपण कैरी, मासळी, आमसुले मिठात मुरवतो. त्या डोंगराने माणसांचे अवघे जगणे मिठात मुरवून ठेवले आहे. हातातल्या मशालीसाठी वापरलेल्या लाकडाच्या जळक्या काड्या लाखोंनी सापडतात. मिठाचे तुकडे पाठीवर वाहून नेण्यासाठी केलेली कातड्याची पिशवी सापडली, तिचा पट्टा आणि दांडा शाबूत आहे. ब्राँझच्या टिकावांचे लाकडी दांडे आहेत. रंगीत लोकरीच्या कापडांचे तुकडे आहेत, त्यांची वीण आणि किनार आजही ओळखता येते. कातड्याचे जोडे आहेत. माणसांची विष्ठासुद्धा टिकली आहे. तिच्यावरून ते लोक बाजरीवर्गातले धान्य, जव आणि कडधान्य एकत्र शिजवून खात, हे कळले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तर निळ्या बुरशीचे चीज आणि बिअर यांच्या खुणा त्यात आढळल्या. लोहयुगात हे खाणकामगार भिंतीवर हृदयाच्या आकाराच्या खाचा पाडून मिठाचे मोठे ठोकळे सोडवून काढत. त्या खाचा आजही भिंतींवर दिसतात. त्या भागातल्या खाणकामगारांच्या बोलीत अशा जुन्या अवशेषांनी भरलेल्या मिठाच्या थराला एक वेगळेच नाव आहे. त्याचा अर्थ 'विधर्मी लोकांचा खडक'. आपल्या आधी इथे कोणी तरी होते, ते आपल्यातले नव्हते, एवढे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते.

आता मी आपल्याला दोन घटना सांगतो. माझ्या दृष्टीने या व्याख्यानाचा गाभा त्या दोन घटनांमध्ये आहे.

पहिली १७३४ सालची. खाणीत काम चालू असताना मिठाच्या थरात दडपलेले एका माणसाचे प्रेत मिळाले. देह, वस्त्रे, पादत्राणे सारे त्या मिठात चिकटलेले. आज आपण अनुमान करू शकतो की तो प्राचीन काळी खाणीत दरड कोसळून मेलेला कामगार होता. त्या काळी मात्र तो ख्रिस्ती नाही, एवढेच ठरले. त्याला गावाच्या दफनभूमीच्या अशा कोपऱ्यात पुरले, जिथे पवित्र संस्काराला अपात्र ठरलेल्यांना पुरत. त्याचे पुढे काही उरले नाही. योगायोग असा की, त्याच १७३४ साली या प्रांतातल्या प्रोटेस्टंट पंथीयांना सम्राट सहाव्या चार्ल्सच्या आज्ञेने घरादारातून उठवून दूर ट्रान्सिल्व्हानियात पाठवण्यास प्रारंभ झाला. मेलेल्यांना आणि जिवंतांनाही 'आपल्यातले नाहीत' म्हणून बाजूला करण्याचा तो काळ होता.

दुसरी घटना १८४६ सालची, म्हणजे ११२ वर्षांनंतरची. योहान गेओर्ग रामसाउअर नावाचे खाणीचे अधिकारी त्या जुन्या बुरुजातच राहत. खडी काढण्यासाठी जमीन उकरताना त्यांना सांगाडे आणि ब्राँझचे अलंकार दिसले. त्यांनी पुरातत्त्वाचे कोणतेही शिक्षण घेतलेले नव्हते. त्या काळी तसे शिक्षण मिळतही नव्हते. पण ते सरकारी खाणीतले माणूस होते. रोज किती मीठ निघाले, किती लाकूड लागले, याच्या नोंदी ठेवण्याची त्यांना सवय होती. तीच सवय त्यांनी थडग्यांना लावली. प्रत्येक थडग्याला क्रमांक दिला, सांगाडा कोणत्या स्थितीत होता, कोणती वस्तू कुठे होती, हे टिपून ठेवले आणि जलरंगात त्याची चित्रे करवून घेतली. १८६३ पर्यंत त्यांनी सुमारे ९८० थडगी उघडली. १८५६ साली सम्राट फ्रान्झ योझेफ आणि सम्राज्ञी एलिझाबेथ यांनी हे उत्खनन येऊन पाहिले. आजच्या शास्त्राच्या कसोटीवर या कामात उणिवा आहेत. पुष्कळशी हाडे त्या वेळी जपली गेली नाहीत. पण नोंद राहिली. त्या नोंदीवरून पुढे १८७४ साली स्वीडनच्या हान्स हिल्डेब्रांड या विद्वानांनी युरोपातील लोहयुगाच्या पहिल्या पर्वाला या गावाचे नाव दिले. इसवी सनापूर्वी सुमारे ८०० ते ४५० हा काळ आज सर्वत्र 'हालस्टाट काळ' म्हणून ओळखला जातो. एवढ्याशा गावाचे नाव एका युगाला मिळाले!

त्या थडग्यांमध्ये काय मिळाले, हे व्हिएन्नाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात पाहता येते. एका तलवारीची मूठ हस्तिदंताची असून तिच्यावर अंबर जडवलेला आहे. हस्तिदंत दक्षिणेकडच्या दूरच्या मुलखातला, अंबर उत्तरेच्या बाल्टिक समुद्रकाठचा. मीठ खाली उतरत होते आणि जगाच्या दोन टोकांच्या वस्तू वर चढत होत्या. पण हाडांचा अभ्यास करणाऱ्यांनी त्याच माणसांच्या सांध्यांवर, मणक्यांवर जड कामाच्या खुणा वाचल्या आहेत. मुलांच्या हाडांवरसुद्धा. अंगावर दागिने घालून पुरलेल्या माणसांनी हयातभर ओझी वाहिली होती. वैभव आणि कष्ट एकाच देहात नांदत होते.

आता या दोन घटना शेजारी ठेवून पाहा. १७३४ साली डोंगराने एक संपूर्ण माणूस हाती दिला होता, आणि तो गमावला गेला. १८४६ नंतर हाती आली ती बहुतांशी हाडे आणि भांडीकुंडी, आणि त्यांतून एक युग उभे राहिले. दोन्ही वेळा माणसे त्याच गावची, त्याच खाणीतली. मधल्या शतकात एक गोष्ट बदलली होती. आपल्याहून वेगळ्या माणसाचीही नोंद ठेवली पाहिजे, ही बुद्धी आली होती. सभासदहो, ग्रंथालय तरी दुसरे काय करते? आपल्या दाखलनोंदवहीत ज्या हाताने एखाद्या संतचरित्राची नोंद होते, त्याच हाताने नास्तिकाच्या निबंधाचीही होते. तिथे क्रमांक सलग असतात.

डोंगरावरून आम्ही खाली उतरलो ते चर्चपाशी. गावात दोन चर्चे आहेत. १७८१ साली सम्राट दुसऱ्या योझेफने धर्मस्वातंत्र्याची सनद दिल्यानंतर लपून राहिलेले प्रोटेस्टंट उघडपणे राहू लागले. पाण्याच्या काठावरचे, छायाचित्रांत दिसणारे टोकदार मनोऱ्याचे चर्च त्यांचे आहे. जुने कॅथलिक चर्च वर, कड्याला लगटून उभे आहे. त्याच्या भोवती दफनभूमी आहे, ती आपल्या एखाद्या मध्यम आवारापेक्षा मोठी नसेल. खाली सरोवर, वर कडा, त्यामुळे ती वाढवायला जागाच नाही. म्हणून पूर्वी तिथे अशी प्रथा होती की, दहा-पंधरा वर्षांनी थडगे उघडायचे, अस्थी काढायच्या, उन्हात-चांदण्यात वाळवून स्वच्छ करायच्या, आणि शेजारच्या लहानशा अस्थिगृहात रचून ठेवायच्या. ती जागा नव्या मृताला मोकळी व्हायची.

त्या अस्थिगृहात सुमारे १,२०० कवट्या आहेत. त्यांतील सहाशेहून अधिक कवट्या रंगवलेल्या आहेत. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून ही रीत चालू झाली. कपाळावर मृताचे नाव, मृत्यूची तारीख आणि भोवती पानाफुलांचा वेल. कोणाला गुलाब, कोणाला ओकची पाने, कोणाला आयव्ही. घराण्यांप्रमाणे त्या एकत्र मांडलेल्या असतात. शेवटची कवटी १९९५ साली ठेवली गेली. १९८३ साली निवर्तलेल्या एका स्त्रीची ती असून तिची तशी इच्छा होती. आता दहनाला मान्यता मिळाल्यामुळे ही प्रथा जवळजवळ संपली आहे.

मी आत गेलो तेव्हा भीती वाटेल असे मनात धरून गेलो होतो. पण तिथे भीती नव्हती. जागा अपुरी पडली म्हणून देह हलवावा लागला, पण नाव हलू दिले नाही, असा एक घरगुती जिव्हाळा त्या रंगांत होता. आपल्याकडे देह राखेत जातो आणि नाव श्राद्धाच्या संकल्पात तीन पिढ्यांपर्यंत उच्चारले जाते. त्यांनी ते कपाळावर लिहून ठेवले. रीत निराळी, पण विसर पडू नये ही धडपड तीच.

हे सारे सांगून मी थांबलो असतो, तर व्याख्यान गोड झाले असते. पण त्या गावाला आज जे दुखते आहे, ते सांगितल्यावाचून हे वर्णन पुरे होणार नाही.

हालस्टाटची लोकवस्ती या शतकाच्या आरंभी साडेनऊशेच्या आसपास होती. ती आता आठशेच्याही खाली आली आहे. १९९७ साली युनेस्कोने या परिसराला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. पुढे २००६ साली एका कोरियन दूरचित्रवाणी मालिकेचे चित्रीकरण तिथे झाले आणि पूर्व आशियातून प्रवाशांची रीघ लागली. २०१२ साली चीनच्या ग्वांगदोंग प्रांतात एका बांधकाम कंपनीने या गावाची प्रतिकृतीच उभारली. चर्च, चौक, घरे हुबेहूब, आणि खास खणलेले एक तळे! प्रतिकृतीने गर्दी वाटली जाईल, असे कोणाला वाटले असेल, तर घडले उलटेच. नक्कल पाहिलेल्यांना मूळ पाहावेसे वाटू लागले. गर्दीच्या दिवसांत दहा हजारांपर्यंत माणसे त्या चिंचोळ्या पट्टीवर येऊ लागली. म्हणजे घरटी यजमान दोन-तीन, आणि पाहुणे तीस-पस्तीस! २०२० पासून बसगाड्यांवर वेळेची आणि संख्येची मर्यादा घातली गेली. २०२३ च्या मे महिन्यात जिथून सर्वजण छायाचित्र काढतात, तिथे ग्रामपालिकेने दृश्य झाकणारे लाकडी कुंपण उभारले. जगभर टीका झाली, आणि ते काढून टाकावे लागले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये रहिवाशांनी गावाकडे येणारा रस्ता काही वेळ अडवून निदर्शने केली.

आम्ही ज्या घरी उतरलो होतो, तिथल्या वृद्ध बाईंना मी याविषयी विचारले. त्यांच्या बोलण्यात चीड नव्हती. पाहुणे आले म्हणून घर चालते, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. त्यांची तक्रार एवढीच होती की, लोक येतात ते गाव पाहायला नव्हे, तर आधी पाहिलेले चित्र पडताळून पाहायला. पडताळा झाला की ते निघून जातात, सरासरी दोन-तीन तासांत. कोणी खिडकीतून आत डोकावते, कोणी दार लोटून पाहते, कारण हे घर खरे आहे आणि आत कोणी तरी राहते, हे त्यांच्या ध्यानातच येत नाही. मुलगा शहरात राहायला गेला, कारण गावात घर घेणे आता परवडत नाही. शेजारची बिऱ्हाडे एकेक करून पाहुण्यांच्या खोल्या झाल्या. पाहुणे वाढले आणि शेजारी कमी झाले, असे त्यांच्या सांगण्याचे तात्पर्य होते.

हे ऐकताना मला परदेशात असल्यासारखे वाटले नाही. पणजीच्या फोंताइन्हासमध्ये लोकांच्या दारासमोर, पायऱ्यांवर छायाचित्रांसाठी जी दाटी होते, ती आपण पाहतो. बार्देशातल्या पर्रा गावच्या माडांच्या रस्त्यावर चित्रीकरणासाठी पंचायतीने २०१९ साली शुल्क लावले आणि टीका होताच ते मागे घेतले, हेही आपल्या स्मरणात असेल. तिथले कुंपण आणि इथले शुल्क, दोन्ही उपाय अपुरे होते. पण त्यामागचे गाऱ्हाणे खोटे नव्हते. आपण जेव्हा दुसऱ्याच्या गावी जातो तेव्हा आपणही त्या दहा हजारांतले एक असतो, याचीही जाणीव मला त्या घरात झाली. यजमानाची व्यथा आणि पाहुण्याची हौस, दोन्ही आपल्याच घरात नांदतात. त्यामुळे या प्रश्नावर न्यायाधीशासारखे बोलण्याचा अधिकार आपल्यापैकी फार थोड्यांना आहे.

मग उपाय काय? मी प्रवासी आहे, प्रशासक नाही. पण एक गोष्ट त्या गावाकडूनच शिकण्यासारखी आहे. १६०७ साली, म्हणजे बारा वर्षांच्या खटपटीनंतर, तिथल्या लोकांनी एक नळ पुरा केला. मीठ विरघळवून केलेले खारे पाणी उकळायला लाकूड लागे, आणि गावाभोवतीचे जंगल पुरेनासे झाले. तेव्हा डोंगर तोडून बोडका करण्याऐवजी त्यांनी सुमारे तेरा हजार झाडांची खोडे आतून पोखरून, एकाला एक जोडून, चाळीस किलोमीटर लांबीचा नळ एबेन्झेपर्यंत नेला, आणि पाणी तिकडे पाठवले जिथे लाकूड होते. तेरा हजार झाडे तोडली, हे खरे. पण ती एकदाच तोडली, आणि त्यामुळे पुढे दरवर्षी तोडावी लागणारी झाडे वाचली. आजही खाणीतले खारे पाणी एबेन्झेलाच जाते, अर्थात आधुनिक नळातून. जागेची कुवत ओळखायची, आणि भार जिथे पेलेल तिथे वळवायचा, हे शहाणपण त्यांच्यापाशी चारशे वर्षांपूर्वीच होते. तेच शहाणपण माणसांच्या लोंढ्याला कसे लावायचे, याचा शोध ते आज घेत आहेत. आपल्यालाही तो घ्यावा लागणार आहे.

प्रवाशापुरते बोलायचे तर मार्ग सोपा आहे. सकाळच्या बोटीने जाऊन दुपारच्या बोटीने परतू नये. एक रात्र राहावे. शेवटची बोट गेल्यावर गाव गावासारखे होते. दिवसभर मिटलेली दारे उघडतात, कोणी पायरीवर बसते, कोणी नाव किनाऱ्याला बांधते. आम्ही त्या संध्याकाळी चौकात बसलो होतो. डोंगराची सावली आधी सरोवरावर पडली, मग पैलतीरावर चढत गेली, आणि शिखरांवरचे ऊन तेवढे बराच वेळ मागे राहिले. धबधब्याचा आवाज दिवसभर होताच, पण तो ऐकू आला तेव्हाच. वाचनाचेही असेच असते. ग्रंथ चाळून झाला म्हणजे वाचून झाला, असे नव्हे, हे आपल्यासारख्या वाचकांना मी सांगावे असे नाही.

आपल्या भाषेत 'खाल्ल्या मिठाला जागणे' असा एक वाक्प्रचार आहे. ज्याचे मीठ खाल्ले त्याचे ऋण विसरू नये, असा त्याचा भाव. त्या लहानशा गावाने सात हजार वर्षे ज्या डोंगराचे मीठ खाल्ले, त्या डोंगराने सांभाळून ठेवलेली माणसे त्याने अखेर ओळखली, त्यांची नोंद केली, आणि स्वतःच्या मृतांची नावेही पुसू दिली नाहीत. या अर्थाने ते गाव मिठाला जागले. आता त्याचे सौंदर्य पाहून तृप्त होणारे आपण प्रवासी त्या गावाच्या मिठाला किती जागतो, हा प्रश्न उरतो.

आपल्या ग्रंथालयालाही हाच प्रश्न विचारता येईल. शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी पदरमोड करून पहिली पुस्तके आणली, परक्या राजवटीत मराठी अक्षर टिकावे म्हणून ज्यांनी दिवाबत्तीसह ही खोली चालवली, त्यांची नावे जुन्या नोंदवह्यांत आहेत. त्या वह्यांची पाने ठिसूळ झाली आहेत. या शतकमहोत्सवात नवे दालन जरूर बांधावे, पण त्याआधी त्या वह्यांची नीट प्रत करून घ्यावी, अशी माझी कार्यकारी मंडळाला विनंती आहे. रामसाउअर यांच्या नोंदी कोणी वेळीच सांभाळल्या नसत्या, तर एका युगाला त्याचे नाव मिळाले नसते.